नमस्काराचा मार

प्रेमदास कोहळेच्या डोक्याला मार बसला तो नमस्कारामुळे. ही गोष्ट त्याने दवाखान्यात सांगितली, पोलिसाला सांगितली, कचेरीत साहेबांना सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी समोरच्याने आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. ज्या माणसाने जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, गळ्यातली तुळशीची माळ अंघोळीलाही काढली नाही, त्याचं तोंड एकामागून एक तिघांनी हुंगावं, हे दुखणं डोक्याच्या दुखण्याहून वेगळं होतं आणि त्यावर गोळी नव्हती.

ज्यांना कीर्तनाची गोडी आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की आरती संपली की टाळकरी एकमेकांच्या पाया पडतात. तिथे वय पाहायचं नसतं, पगार पाहायचा नसतो. कापसाच्या गाठी वाहणारा आणि त्या गाठींचा मालक, दोघांनीही समोरच्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, कारण समोर उभा आहे तो देव. पण देवासमोर उभा राहिला म्हणून माणसाचं माणूसपण सुटत नाही. आधी कोण वाकतो यात एक मुकी चढाओढ असते. जो आधी वाकला तो नम्र. ज्याच्या पायांवर डोकं आलं तो बिचारा खांबासारखा उभा राहून मंडपाच्या छताकडे बघत बसतो.

या चढाओढीत तानबाला तोड नव्हती. तानबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमधला निवृत्त हमाल. मान बाभळीच्या बुंध्यासारखी, पण वाकायच्या बाबतीत नुसती वीज. अण्णाजी महाराजांच्या कीर्तनात महाराजांच्या डाव्या हाताला पहिला टाळकरी तानबा आणि उजव्या हाताला पहिला प्रेमदास. दोघं समोरासमोर, केस काळे होते तेव्हापासून. आणि तेव्हापासून दर कीर्तनाला, वरिष्ठ लिपिक असूनही, प्रेमदास खांब व्हायचा.

त्या एकादशीच्या संध्याकाळी त्याने ठरवूनच टाकलं होतं. आरती संपली, जयजयकाराचं शेवटचं अक्षर हवेत होतं, आणि प्रेमदासने स्वतःला खाली झोकून दिलं. तानबानेही झोकून दिलं. जो आवाज झाला त्याबद्दल पखवाजवाला आजही शपथेवर सांगतो की ती थाप त्याची नव्हती.

तानबाने कपाळ चोळलं आणि म्हणाला, "काई नाई झालं. माह्यं डोकं गाठी वाहून वाहून टणक झालं आहे." प्रेमदास मात्र सतरंजीवर बसला आणि शांतपणे विचारू लागला, "महाराज आले काय? कीर्तन कधी सुरू होते?" त्याला सांगितलं, कीर्तन झालं. त्याने मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, "महाराज आले काय?" मग प्रसादाचं पातेलं पुढून गेलं, त्या वासाने त्याला उलटी झाली, आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं.

डोक्याला मार म्हटला की दवाखान्यातल्या चौकीचा हवालदार रजिस्टर घेऊन येतो. हा हवालदार कर्तव्याला पक्का होता.

"कोणी मारलं?"

"तानबाजीनं," प्रेमदास म्हणाला. त्या अवस्थेतही खोटं त्याच्या तोंडी येईना.

"कायनं मारलं?"

"डोक्यानं."

"जुनं भांडण?"

"भांडण कायचं जी. नमस्कार."

हवालदाराने वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग अध्यक्षांकडे वळून विचारलं, "हा तानबा राह्यते कुठी?"

दुसऱ्या दिवशी त्याच हवालदाराकडून तानबाला ठाण्यात बोलावणं आलं. लिहायला काही नव्हतं आणि लिहिलंही गेलं नाही. पण ज्या साहेबांना विचारायचं होतं ते बंदोबस्ताला गेले होते, म्हणून तो सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बाकड्यावर बसला, एका मोटारसायकल चोराच्या शेजारी. गळ्यातली माळ त्याने सदऱ्याच्या आत सरकवली होती म्हणतात. ठाण्याची पायरी न चढलेला माणूस. तो घरी येईपर्यंत साऱ्या वस्तीत, म्हणजे ले-आउटमध्ये, झालं होतं, की तानबानं कोहळेबाबूंना डोकं मारलं, देवळात. त्यानंतर तो कीर्तनाला यायचा, आपल्या जागी उभा राहायचा, आणि आरतीच्या आधीच गळ्यातले टाळ काढून निघून जायचा. कुणाच्या पाया पडायचा नाही, कुणाला पडू द्यायचा नाही.

इकडे प्रेमदास घरी आला. डोक्याचा फोटो चांगला आला होता. आत रक्त नव्हतं, हाड शाबूत होतं. मेंदूला हिसका बसलाय, एवढंच. पण त्या हिसक्याने एक विचित्र गोष्ट केली. वाटीत चमचा पडला तरी त्याला कवटीत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. आणि देवळातून टाळांचा आवाज आला, की तो दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीकडे तोंड करायचा. ज्या आवाजात त्याचं सगळं आयुष्य गेलं, लग्नातल्या वाजंत्रीपेक्षा ज्याची त्याला जास्त आठवण होती, तोच आवाज आता सोसवेना. देवाने आपल्याला दाराबाहेर काढलं, असं त्याला वाटू लागलं, आणि हे तो कुणाजवळ बोलला नाही. बायको अन्नपूर्णा खिडक्या लावून घ्यायची. एवढं तिला समजत होतं.

शेजाऱ्यांना याहून जास्त समजत होतं. समोरच्या घरातले भाऊजी, वीज मंडळातून निवृत्त, सगळ्या ले-आउटचे भाऊजी, रोज येऊन पलंगाच्या कडेवर बसायचे, तेही आदळून.

"मेंदू म्हणजे काय आहे, दह्याचं गाडगं. हलवाचंच नाई. माह्या साळ्यानं हलवलं, तो आजपावेतो बायकोले बहीण म्हणते."

कुणी नाकात तूप सोडायला सांगितलं, कुणी सोडलंच. शेजारच्या नंदिनीबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून त्यांचा सल्ला शास्त्रीय होता: पूर्ण अंधार. मग दारावरही चादर लागली. प्रेमदास अंधारात पडून राहिला, आणि पडून राहिल्याने त्याचं डोकं जास्तच दुखू लागलं.

त्यातच निरोप आला. अण्णाजी महाराजांचे गुडघे गेले होते. यंदाच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन हे आपलं शेवटचं, असं त्यांनी भर कीर्तनात सांगून टाकलं होतं. आणि पुढे म्हणाले होते, "माह्ये दोन्ही हात तेवढे त्या दिवशी जागेवर पाह्यजे." दोन हात म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रेमदास चादर बाजूला करून बाहेर आला. अन्नपूर्णा म्हणाली, "डॉक्टरीण हो म्हणन त उभे राहा. नाई त मी मंडपात येऊन हात धरून घरी आणीन, सांगून ठेवते."

दवाखान्यातली डॉक्टर आकांक्षा वयाने लहान आणि रागाला मोठी होती. अंधाराचं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "पहिले एक-दोन दिवस आराम सांगितला होता काका, समाधी नाही. आता चालायचं. सावकाश चाला, मग थोडं जोरात. डोकं दुखायला लागलं की थांबा. दुसऱ्या दिवशी त्याच्या जरा आधी थांबा. ही दुखायची हद्द रोज थोडी पुढे सरकली पाहिजे. ज्या दिवशी धाप लागेपर्यंत चालाल, छाती धडधडेल आणि तरी डोकं गप्प राहील, त्या दिवशी समजा बरे झालात. तोवर टाळ नाहीत."

प्रेमदासला हे लगेच समजलं. लय वाढवायची, ठेका सुटायच्या आत थांबायचं. कीर्तनच आहे. त्याला एवढा धीर आला की घरी येताना रिक्षात तो मनातल्या मनात गुणगुणला. बऱ्याच दिवसांनी.

पण हिंगणघाटात चालणं सोपं नाही. रस्ता चांगला आहे, माणसंही चांगली आहेत, आणि अडचण तीच आहे. प्रेमदासने जरा पावलं उचलली, जरा छाती धडधडू लागली, की कुणीतरी स्कूटर आडवी घालायचं. "काऊन कोहळेबाबू, पायी चालून राह्यले? गाडी विकली काय?" मग सगळं पहिल्यापासून सांगायचं. सांगेपर्यंत छाती शांत व्हायची, आणि ऐकणारा शेवटी म्हणायचाच, "पण तानबानं असं नोतं कराले पाह्यजे." प्रेमदास म्हणायचा, अवो त्यानं काही नाही केलं, नमस्कार होता. ऐकणारा त्याच्या डोक्याकडे दयेने बघून स्कूटर सुरू करायचा.

म्हणून तो वेणा नदीच्या बाजूला जाऊ लागला. तिथे सकाळी हसायचं मंडळ असतं. निवृत्त लोक गोल उभे राहून हात वर करून मोठ्याने हसतात, प्रकृतीसाठी. त्यांनी त्याला धरून गोलात घेतलं. एका खऱ्या दुःखी माणसाच्या कानाशी दहा-पंधरा माणसांनी कारण नसताना हसावं, यासारखी शिक्षा नाही. डोकं धरून तो घरी आला तेव्हा दुखायची हद्द दाराच्या उंबऱ्यापर्यंत मागे आली होती.

मग नंदिनीबाईंना आठवलं की त्यांच्याकडे चालायचं यंत्र आहे. यजमानांच्या साखरेसाठी घेतलेलं. यजमान त्यावर एकदा चढले होते. सध्या त्यावर कुरड्या वाळत होत्या. कुरड्या उचलल्या, प्रेमदासने पट्ट्याला पदस्पर्श होणार म्हणून आधी हात लावून नमस्कार केला, आणि चढला. यंत्र बराच काळ उपाशी असल्यासारखं सुटलं. "हळू कराचं बटन कोणतं वो?" तो पळता पळता विचारत होता. नंदिनीबाई चष्मा शोधत होत्या. भाऊजी, जे बघायला आले होते, म्हणाले, "पळू द्या, पळू द्या, रक्त डोक्याकडे जाते." विठ्ठलाचं नाव घेत प्रेमदास पट्ट्यावरून सुटला तो इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगात. छाती धडधडत होती हे नक्की. पण डोकं दुखतंय की नाही, हे गुडघ्याच्या बोंबेत ऐकू आलं नाही.

कचेरीचं वेगळंच. डॉक्टरने 'हलके काम करण्यास योग्य' असा दाखला दिला होता. साहेबांनी तो उलटसुलट वाचला. "कोहळे, आपल्या कार्यालयात हलकं काम म्हणून मंजूर पदच नाही."

"मग जड काम कोणतं आहे साहेब?"

साहेबांनी पुढे वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग त्यांनी वर्ध्याच्या जिल्हा कार्यालयाकडून मार्गदर्शन मागवलं. मार्गदर्शन येईपर्यंत प्रेमदासला घरीच बसायला सांगितलं. इतकी वर्षं जे टेबल आपल्यावाचून चालत नाही असं त्याला वाटत होतं, ते बाहेर पडताना त्याने पाहिलं: त्यावर कुणीतरी टिफिनचे डबे ठेवले होते.

घरी येऊन तो गच्चीवर गेला. काय करावं सुचेना, म्हणून त्याचे पाय आपोआप हलू लागले. दोन पावलं पुढे, एक मागे, वळायचं, वाकायचं, उठायचं. टाळकऱ्यांची पावली. हातात टाळ नाहीत, तोंडात शब्द नाही, नुसते पाय. आधी अगदी सावकाश, महाराज अभंग लावून घेतात त्या लयीत. डोकं कुरकुरलं, तो थांबला. दुसऱ्या दिवशी कुरकुरायच्या जरा आधी थांबला. त्याला कळलं की आपल्याला हवं होतं ते यंत्र जन्मापासून आपल्या पायांतच आहे. अर्थात समोरच्या गच्चीवरून भाऊजींनी पाहिलं आणि अन्नपूर्णेला हळूच बोलावून सांगितलं, "वहिनी, मन घट्ट करा. नागपूरले दाखवून द्या."

दिवसागणिक लय चढत गेली. वाकताना डोळ्यांपुढे अंधारी यायची ती येईनाशी झाली. चमच्याचा आवाज पुन्हा चमच्याचाच झाला. डॉक्टर आकांक्षाने आपल्या खोलीत टेबल सरकवून त्याला पावली करायला लावली, नाडी मोजली, लय वाढवायला लावली, पुन्हा मोजली. बाहेरचे पेशंट दारातून बघत होते. "उभे राहा काका कीर्तनाला," ती शेवटी म्हणाली. "पण दुखलं की थांबायचं. देव रागावत नसतो."

त्या आनंदात तो तानबाकडे गेला. सप्ताहाच्या आधी मन साफ करावं, दोघांनी मिळून लय धरावी, असा विचार. तानबाची बायको रुख्माबाई दारात तूर पाखडत होती.

"आत आहे," ती म्हणाली. "रुसून बसला आहे. ठाण्यातून आला तसा उजेडात येतच नाई. तूर पाखडली तरी माह्यावर ओरडते, आवाज कायले करतं म्हणते."

आत अंधार होता. तानबा डोक्याला पंचा घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"तानबाजी, मी प्रेमदास."

"कायले आले बाबू? मी गुन्हेगार माणूस."

"असं कायले म्हणता? मी हवालदाराले खरं सांगतलं होतं."

"हाव. खरंच सांगतलं तुमी. तानबानं मारलं म्हणून सांगतलं." त्याने मान वळवली नाही. "काल्याले येतो मी. महाराजाची आज्ञा आहे. तुमी या आता."

प्रेमदास बाहेर पडला. माणसाचा राग इतके दिवस टिकावा, आणि तोही माळकऱ्याचा, याचं त्याला वाईट वाटलं. स्वतःही असाच भिंतीकडे तोंड करून बसला होता, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

काल्याचा दिवस उजाडला. मंडप भरला होता. वर हंडी टांगलेली, खाली महाराज दोघांच्या आधाराने उभे राहिलेले. उभे राहिले आणि मग आधार सोडला. त्यांचा आवाज आता फाटला होता, पण सूर जागेवरच. ते म्हणत होते, "देवानं गोकुळात काय केलं? घरी पक्वान्न होतं ते सोडलं, आणि पोरांच्या शिदोऱ्या एकात एक कालवल्या. ज्याची भाकर शिळी त्याची वर आली. बापहो, हा काला आहे."

प्रेमदासने टाळ वाजवले. पहिला झणत्कार झाला आणि त्याने अंग आकसलं, खिळ्याची वाट पाहत. खिळा आला नाही. आला तो नुसता नाद, पितळेचा, गोल. त्याचे डोळे भरले. पावली सुरू झाली. लय वाढली, छाती धडधडू लागली, सदरा पाठीला चिकटला, आणि डोकं गप्प. रोज वैरी येईल म्हणून दार राखावं आणि एक दिवस कळावं की तो गाव सोडून गेलाय, तसं झालं. महाराजांनी मान वळवून उजव्या हाताकडे पाहिलं आणि हसले. मग डावीकडे पाहिलं, आणि हसू थांबलं.

प्रेमदासनेही समोर पाहिलं. तानबाचा टाळ मागे पडत होता. अर्धी मात्रा, पण तानबाची अर्धी मात्रा कधी मागे पडली नव्हती. डोळे गच्च मिटलेले, तोंड राखेसारखं, एक खांदा मंडपाच्या खांबाला टेकलेला. दर झणत्काराला त्याचा जबडा आवळत होता. हे तोंड प्रेमदासला ओळखीचं होतं. खिडक्या बंद केलेल्या खोलीतल्या आरशात त्याने ते रोज पाहिलं होतं. अंधार. पंचा. तुरीचा आवाज. डोकी तर दोन आपटली होती.

कीर्तनाची रांग मधूनच सोडायची नसते. त्यातून ही रांग, हे कीर्तन. हंडी फुटायला थोडाच अवकाश होता आणि महाराज पुन्हा कधी उभे राहणार नव्हते. प्रेमदासने गळ्यातले टाळ काढले, शेजारच्याच्या हातात दिले आणि महाराजांच्या समोरून, सगळ्या मंडपाच्या देखत, पलीकडे गेला. मागून भाऊजींचा आवाज आला, "पाह्या, म्हटलं होतं मी. डोक्यावर परिणाम आहे." त्याने तानबाचा दंड धरला.

"सोडा बाबू. शेवटचं आहे महाराजाचं."

"बाहेर चला."

"लोक म्हणतीन पुन्हा भांडले."

"म्हणू द्या."

मंडपामागे कडुनिंबाखाली त्याने तानबाला बसवलं. तानबाने उलटी केली. भोंग्यातून महाराजांचा आवाज येत होता.

"कधीपासून दुखते?"

"त्याच दिवसापासून."

"बोलले काऊन नाई?"

तानबाने पंच्याने तोंड पुसलं. "कोणाले सांगू? मार खाणाऱ्याले सारे पाहाले आले. मारणाऱ्याचं डोकं कोण पाह्यते?" थोड्या वेळाने म्हणाला, "आन् सांगतलं असतं त टाळ काढून घेतले असते. तेवढंच आहे बाबू माह्यापाशी."

भोंग्यात गलका झाला. हंडी फुटली. मग महाराजांचा आवाज एकदम बंद झाला आणि नुसता जनरेटर ऐकू येऊ लागला. प्रेमदास तिकडे बघत राहिला. अन्नपूर्णा द्रोणात काला घेऊन आली ती दोघांना तसं बसलेलं पाहून थबकली, आणि काही न विचारता रिक्षा बोलवायला गेली.

तानबा सवयीने वाकायला निघाला. कीर्तन संपलं होतं ना. प्रेमदासने त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत वरच्या वर धरलं, दह्याच्या गाडग्यासारखं. "हलू नका," तो म्हणाला. मग सावकाश, एकटाच, तो तानबाच्या पायांवर वाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आधी वाकला होता, आणि तानबाला खांब व्हावं लागलं.

दवाखान्यात फोटो निघाला. आत रक्त नव्हतं. पण दुखणं अंगावर काढून, दर एकादशीला टाळ वाजवून तानबाने ते मुरवलं होतं. डॉक्टर आकांक्षा या वेळी रागावली नाही, त्यामुळे प्रेमदासला जास्त भीती वाटली. "वेळ लागेल," ती म्हणाली. "कदाचित बराच. आधी सावकाश चालायचं. दुखायच्या आत थांबायचं."

"मी चालीन यांच्यासंग," प्रेमदास म्हणाला. "मले ती लय माहीत आहे."

तेवढ्यात डोक्याचा मार म्हणून चौकीचा हवालदार रजिस्टर घेऊन आला. तोच. त्याने तानबाला ओळखलं आणि पेन उघडलं.

"कोणी मारलं?"

तानबाचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला आणि तो ती सदऱ्याच्या आत सरकवू लागला. प्रेमदास मध्ये उभा राहिला.

"मी मारलं," तो म्हणाला. "कोहळे, प्रेमदास. ठाण्यात कधी येऊ सांगा. दिवस मावळेपर्यंत बसाचं आहे ना, बसतो."

हवालदाराने त्याच्याकडे पाहिलं, तानबाकडे पाहिलं, आणि पुढे वाकून प्रेमदासच्या तोंडाचा वास घेतला.

"कायनं मारलं?"

तानबा बाकड्यावर जरा सरकला आणि शेजारी जागा केली. "लिहा जी," तो डोळे मिटूनच म्हणाला, "नमस्कारानं."